नेमबाजी आणि स्वसंरक्षण : पहिल्या शस्त्राच्या निवडीचा विचार

प्रस्तावना

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी हे छोटे गाव एका दिवसात सर्वांच्या तोंडी झाले. कोल्हापूरला हे यश सर्वस्वी नवे नव्हते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक विजेतेपद पटकावले होते, तर राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले होते. अशा प्रत्येक यशानंतर महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात एक प्रश्न हमखास येतो : नेमबाजी सुरू करायची तर कोणती बंदूक घ्यावी? विद्यार्थ्यांचा प्रश्न एवढ्यावर थांबतो. सहकारी प्राध्यापकांचा प्रश्न मात्र बहुधा थोडा पुढे जातो. गावाबाहेरच्या वसाहतीत घर आहे, आईवडील वृद्ध आहेत, तेव्हा सरावालाही चालेल आणि प्रसंगी घराच्या रक्षणालाही उपयोगी पडेल, असे एखादे शस्त्र सुचवा, अशी ती मागणी असते.

ही मागणी वरवर व्यवहारी वाटते. परंतु तिच्यात एक मूलभूत गोंधळ आहे. लक्ष्यवेधाचे शस्त्र आणि स्वसंरक्षणाचे शस्त्र या दोन भिन्न वस्तू आहेत. त्यांचे भौतिकशास्त्र भिन्न आहे, सरावाची पद्धत भिन्न आहे आणि आपल्या कायद्यानेही त्यांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. प्रस्तुत लेखात भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, सर्वसामान्य नागरिकाच्या दृष्टीने या निवडीचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने हिंदी प्रजेला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली, युरोपियनांना मात्र सूट दिली. स्वातंत्र्योत्तर काळात हा भेद काढून टाकणारा शस्त्र अधिनियम, १९५९ संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. नेमबाजी खेळाडूंसाठी स्वतंत्र सवलती आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम १३ आहे, आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात परवाना कोणाला ‘देण्यात येईल’ आणि कोणाच्या बाबतीत प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागेल, यांची वेगवेगळी वर्गवारी आहे. किमान २० इंच लांबीच्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी. ठासणीची बंदूक पीकसंरक्षणासाठी. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यासाठी लक्ष्यवेधाच्या सरावाकरिता ०.२२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल, अशी पहिली वर्गवारी मूळ कायद्यात होती. उरलेल्या सर्व शस्त्रांसाठी, म्हणजेच रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलासाठीही, अर्जदाराकडे ‘योग्य कारण’ असल्याची परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. याचा अर्थ असा की, नेमबाजीसाठी ०.२२ ची रायफल आणि संरक्षणासाठी लांब नळीची बंदूक हे उत्तर विधिमंडळाने १९५९ सालीच देऊन ठेवले आहे. सामान्य अर्जदाराचा ओढा मात्र नेमका तिसऱ्याच वस्तूकडे, म्हणजे कमरेला लावायच्या रिव्हॉल्व्हरकडे असतो.

दुसरी मर्यादा बोअरची. सैन्य व पोलीस दलांची काडतुसे ज्यांत बसतील अशी शस्त्रे सामान्य नागरिकाला वर्ज्य आहेत. ०.३०३ व ७.६२ मिमीच्या रायफली, ९ मिमीची पिस्तुले, ०.३८० व ०.४५५ ची रिव्हॉल्व्हरे या प्रतिबंधित वर्गात येतात. सरकारी काडतूस चोरीला गेले तरी ते खाजगी शस्त्रात चालू नये, हा त्यामागचा वसाहतकालीन हिशेब आजही कायम आहे. त्यामुळे नागरिकाच्या वाट्याला प्रामुख्याने ०.२२ ची रायफल, १२ बोअरची बंदूक, ०.३१५ ची रायफल आणि ०.३२ ची रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल एवढाच संच येतो. परदेशी पुस्तके व चित्रफिती पाहून निवड करू पाहणाऱ्याने ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. तेथील बहुतांश सल्ला आपल्याकडे निरुपयोगी ठरतो.

परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे व अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते; त्याहून लहान खेळाडूंना प्रशिक्षणात देखरेखीखाली शस्त्र वापरण्याची मुभा आहे. पोलीस अहवाल, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी या अटी आहेत. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ स्पष्टपणे सांगते. बंदूक ही जमीनदाराची शोभा, ही जुनी समजूत कायद्याने तरी मोडीत काढली आहे.

नेमबाजीचे पहिले शस्त्र

महाविद्यालयातील अनेक अध्यापकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोळी झाडली ती राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात, ०.२२ च्या रायफलीने. पोटावर झोपून पाच गोळ्या झाडायच्या आणि त्या कागदावर किती जवळजवळ पडल्या हे पाहायचे. गोळ्या मध्यभागी पडल्या की नाही याला त्या वेळी दुय्यम महत्त्व असे. एका ठिकाणी पडल्या की नाही, हे आधी पाहिले जाई. नेमबाजीचे सारे शास्त्र या साध्या चाचणीत आहे. शस्त्राने आणि शरीराने प्रत्येक वेळी तीच कृती तशीच करावी, हे या खेळाचे मर्म आहे. म्हणून पहिल्या शस्त्राचा एकमेव निकष असा की, त्याने नवशिक्याच्या चुका लपवू नयेत आणि त्याला नव्या चुका शिकवू नयेत.

या निकषावर ४.५ मिमी (०.१७७) बोअरची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल सर्वांत पुढे येते. तिला धक्का जवळजवळ नसतो, आवाज अल्प असतो, छर्रे स्वस्त असतात आणि दहा मीटर जागा पुरते. बोअर ०.१७७ पर्यंत आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेतील एअर रायफलचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो; त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल भरते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. ‘अधिक शक्ती म्हणजे अधिक चांगली’ या समजुतीने दुकानातील सर्वांत जोरकस एअरगन घेणारा नवशिका येथेच पहिली चूक करतो. जोरकस स्प्रिंगची एअरगन झाडताना आतील दट्ट्या पुढेमागे उसळतो, छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच बंदूक हलते, आणि दोष आपला की बंदुकीचा हे शिकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. दाबयुक्त हवेच्या नळकांड्यावर चालणाऱ्या रायफलीत ही अडचण नसते. स्पर्धांमध्ये तीच वापरली जाते.

या खेळातील अचूकतेची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्राच त्याच्या नऊपट रुंद असतो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर हेच मध्यवर्तुळ ११.५ मिमी असते, कारण पिस्तूल एका हाताने, कोणत्याही आधाराविना धरावे लागते. पिस्तुलाच्या चापाचा ताण किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. रायफलीच्या चापाला अशी मर्यादा नाही. रायफल शिकणे सुरुवातीला सोपे वाटते, कारण तिला खांदा, गाल आणि दोन्ही हात असे आधार मिळतात. पिस्तूल पहिल्या महिन्यातच नम्र करते.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, प्रमुख डोळा. जसा हात उजवा किंवा डावा, तसा डोळाही असतो, आणि दोन्ही एकाच बाजूचे असतीलच असे नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठ्याने दूरची एखादी वस्तू झाकावी आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना अंगठा वस्तूवरून सरकत नाही, तो प्रमुख डोळा. उजव्या हाताच्या पण डाव्या प्रमुख डोळ्याच्या व्यक्तीने उजव्या खांद्याची रायफल विकत घेतली, तर ती पुढे वर्षभर विनाकारण झगडत राहते. दुसरी गोष्ट, दस्त्याची लांबी व गालाच्या आधाराची उंची. चांगल्या रायफलीत या दोन्ही कमीजास्त करता येतात. रायफल खांद्याला लावल्यावर मान न वाकवता डोळा दृष्टिरेषेत आला पाहिजे. मान वाकवून नेम धरायची सवय लागली, तर पुढे ती मोडणे कठीण.

यामुळेच पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्लबच्या रायफलीवर शिकावे. स्पर्धेच्या दर्जाच्या परदेशी बनावटीच्या एअर रायफलची किंमत लाखांत असते. तेवढा खर्च स्वतःचे शरीर ओळखण्याआधी करणे शहाणपणाचे नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी आहे. जिल्हा संघटना, राज्य संघटना, मावळंकर स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा हा क्रम खेळाडूने चढावयाचा असतो. ०.२२ च्या रायफलीचा किंवा पिस्तुलाचा विचार या वाटेवर पुरेसे अंतर कापल्यानंतर करावा. तिची गोळी अवघी अडीच ग्रॅमची असली, तरी मोकळ्यावर ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे शेतात किंवा गच्चीवर तिचा सराव संभवत नाही. योग्य मातीची भिंत असलेले अधिकृत मैदानच लागते. कानांचे संरक्षण आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुणे, या दोन बाबी क्लबांमध्येही अनेकदा दुर्लक्षित राहतात, म्हणून त्यांचा येथे उल्लेख केला.

स्वसंरक्षणाचे शस्त्र

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. नेमबाजीत वेळ नेमबाजाच्या हाती असतो, लक्ष्य स्थिर असते, प्रकाश पुरेसा असतो आणि चूक झाली तर एखादा गुण जातो. स्वसंरक्षणाच्या प्रसंगी यांपैकी काहीही नसते. म्हणून लक्ष्यवेधाचे नाजूक चापाचे शस्त्र घरात संरक्षणासाठी ठेवणे धोक्याचे, आणि संरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरने नेमबाजी शिकणे निष्फळ.

रिव्हॉल्व्हरचे उदाहरण घेऊ. आयुधनिर्माणीची ०.३२ ची सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर आपल्याकडे अनेकांच्या परिचयाची आहे. तिची गोळी सुमारे सव्वासहा ग्रॅमची असून सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आत राहते. ०.२२ च्या साध्या रायफलीची ऊर्जाही जवळजवळ एवढीच भरते. पोलिसांच्या ९ मिमी पिस्तुलाची ऊर्जा याच्या तिपटीहून अधिक असते. म्हणजे रिव्हॉल्व्हर कमरेला लावल्यावर जी शक्ती प्राप्त झाल्यासारखी वाटते, तिचा बराचसा भाग मानसिक असतो. शिवाय घोडा मागे न ओढता थेट चाप दाबायचा, तर अशा रिव्हॉल्व्हरला सर्वसाधारणपणे पाच किलोच्या आसपास ताण द्यावा लागतो, म्हणजे एअर पिस्तुलाच्या दहापट. घाबरलेल्या, घामेजलेल्या हाताने एवढा चाप ओढताना आखूड नळी हमखास बाजूला सरकते. पाच मीटरवरचा नेमही चुकतो तो यामुळे.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुधनिर्माणीने ‘निर्भीक’ नावाची सुमारे ५०० ग्रॅम वजनाची हलकी रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणली. तिची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. किमतीवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. तांत्रिक बाजू मात्र कमी चर्चिली गेली. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन घटवले की हाताला बसणारा धक्का वाढतो. पर्समध्ये मावणारे शस्त्र चालवायला अधिक कठीण असते. २०२३ मध्ये आलेली ‘प्रबळ’ रिव्हॉल्व्हर ७०० ग्रॅमची आहे, हे या संदर्भात बोलके आहे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, या वादात नवशिक्यासाठी आम्ही रिव्हॉल्व्हरला झुकते माप देतो. तिची फिरकी बाजूला काढली की शस्त्र भरलेले आहे की रिकामे, हे डोळ्यांना दिसते. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. पिस्तुलातील गोळ्यांची पेटी काढून घेतली, तरी एक गोळी नळीच्या मागच्या कप्प्यात राहू शकते. शस्त्र रिकामे आहे या भ्रमातून होणाऱ्या अपघातांत हे कारण नेहमीचे आहे.

घराच्या रक्षणासाठी १२ बोअरची बंदूक तांत्रिकदृष्ट्या अधिक परिणामकारक आहे. (एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले असता त्यातला एक ज्या नळीत बसेल, ती बारा बोअर, नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिमी.) तिच्या काडतुसाची एकूण ऊर्जा अडीच हजार ज्यूलच्या आसपास असते. कायदाही तिला अनुकूल आहे. पण तिच्याविषयीचा एक गैरसमज घातक आहे. छर्रे पसरतात, तेव्हा नेम धरायची गरज नाही, असे सांगितले जाते. खोलीच्या अंतरावर, चार-पाच मीटरवर, हा पसारा हाताच्या पंजाएवढाच असतो. नेम धरावाच लागतो. ०.३१५ ची रायफल घरात संरक्षणासाठी ठेवण्यात काहीच अर्थ नाही. तिची गोळी लक्ष्य भेदून शेजारच्या घराकडे जाईल.

सरावाची अडचण याहून मोठी आहे. परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते, आणि रिव्हॉल्व्हरच्या सरावासाठी सर्वसामान्य परवानाधारकाला खुली मैदाने फारच थोडी. परिणामी, बहुतेकांची रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे कपाटात पडून असते आणि पहिल्या दिवशी घेतलेली काडतुसे तशीच जुनी होत जातात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. ज्यांच्या जिवाला खरा धोका आहे, त्यांची प्रकरणे छाननी समितीकडे जातात. इतरांची शस्त्रे महिना-दोन महिने ठाण्यातच असतात.

कायदेशीर जबाबदारी हा स्वतंत्र विषय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाच्या हक्काची तरतूद आहे. जुन्या दंडसंहितेतील कलम ९६ ते १०६ चेच हे रूप. या हक्काला दोन मर्यादा आहेत. सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. आणि संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत झाडलेली गोळी या दोन्ही कसोट्यांवर टिकणे कठीण. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

घरातील शस्त्र आणि घरातील माणसे

शस्त्र घरात आल्याने घर अधिक सुरक्षित होते का, या प्रश्नाचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला आहे. आर्थर केलरमन व डोनाल्ड रे यांनी १९८६ मध्ये सिॲटल परिसरातील मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातील शस्त्राने स्वसंरक्षणार्थ झालेल्या प्रत्येक मृत्यूमागे आत्महत्या, खून व अपघात मिळून ४३ मृत्यू त्यांना आढळले. या आकड्यावर योग्य आक्षेपही घेतले गेले : गोळी न झाडता, नुसत्या धाकाने टळलेले हल्ले त्यात मोजलेले नाहीत. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील अभ्यासाची व्याप्ती फार मोठी आहे. सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या पुरुषांत शस्त्राने आत्महत्या होण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट, तर स्त्रियांत सुमारे पस्तीसपट आढळले. अमेरिकेतील परिस्थिती आपल्याकडे जशीच्या तशी लागू करता येत नाही, हे मान्य. तरीही मनुष्यस्वभाव तोच आहे. निराशेचा तीव्र झटका अनेकदा काही तासांत ओसरतो. हाताशी अग्निशस्त्र असेल तर तेवढी उसंत मिळत नाही. ज्या घरात कोणी नैराश्याने ग्रासलेले आहे, मद्याचे व्यसन आहे किंवा परीक्षेच्या ताणाखाली असलेला मुलगा-मुलगी आहे, त्या घराने परवान्याचा अर्ज करू नये, असे आम्ही सहकाऱ्यांना स्पष्टपणे सांगतो. शस्त्र एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, किल्ली परवानाधारकापाशी, ही किमान शिस्त आहे. ती पाळली तर मध्यरात्री शस्त्र हाती यायला दोन मिनिटे लागतात, हा आक्षेप खरा आहे. तेवढ्या वेळात दाराची मजबूत कडी, बाहेरचा दिवा आणि शेजाऱ्याला केलेला दूरध्वनी अधिक काम करतात.

वारशाने आलेले पहिले शस्त्र

वरील सर्व विवेचन शस्त्र विकत घेणाऱ्याला उद्देशून झाले. प्रत्यक्षात, विशेषतः ग्रामीण महाराष्ट्रात, अनेकांचे पहिले शस्त्र विकत घेतलेले नसते. वडिलांची दुनळी किंवा आजोबांची ठासणीची बंदूक त्यांच्या पश्चात घरात राहते. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका घरोघर आहेत. परवाना व्यक्तीच्या नावे असतो, बंदुकीच्या किंवा घराण्याच्या नावे नसतो. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती बंदूक घरात ठेवणे बेकायदेशीर ठरते. कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. त्यानंतर वारसदाराने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावयाचा असतो. तेराव्यानंतर पाहू, वर्षश्राद्धानंतर पाहू, असे म्हणत चार-पाच वर्षे गेलेली घरे आमच्या पाहण्यात आहेत. वस्तुतः जमा केल्याची पावती घेतली की पुढच्या विचाराला पुरेसा अवधी मिळतो. अशी जुनी बंदूक आपल्या नावे करून घेण्याचे ठरल्यास झाडण्यापूर्वी ती परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी. जुन्या पोलादी पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या नळ्या आतून गंजलेल्या असतात, काळ्या दारूच्या काळात त्या टिकल्या म्हणून आजच्या काडतुसाचा दाब त्या सोसतीलच असे नाही. तपासणीत नळी निकामी ठरली आणि तरीही आठवण म्हणून ती वस्तू घरात हवी असेल, तर ती कायमची निकामी करून घेण्याबाबत परवाना प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी.